रेफरन्शियल ट्रान्सपरन्सी म्हणजे 'साईड इफेक्ट नाही' एवढंच का? आणि हा शब्द आला कुठून?

कोपरी_पूर्व:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे फंक्शनल प्रोग्रामिंगवाले बरेच आहेत म्हणून विचारतो. आमच्या ऐरोलीच्या टीममध्ये हळूहळू स्काला ही भाषा वापरायला लागलोय आणि कोड रिव्ह्यूला सारखी एकच कॉमेंट पडते, 'हे रेफरन्शियली ट्रान्सपरंट नाही'. परवा ह्यावर पडली:

उशीर(बिल) = आजची_तारीख() - बिल.तारीख

आता ह्यात कुठे काही लिहिलं जात नाही, डेटाबेसला हात लावलेला नाही, कुठला व्हेरिएबल बदलत नाही, तरी कॉमेंट. आणि त्याच पीआरमध्ये (रिव्ह्यूला दिलेल्या बदलात) दुसरं एक फंक्शन आहे, त्यात सगळी आकडेमोड आणि मध्ये लॉगची एक ओळ, त्यावर एकाने लिहिलं ट्रान्सपरंट आहे, दुसऱ्याने लिहिलं नाही, आणि दोघंही मागे हटायला तयार नाहीत. नेटवर बघावं तर कुणी म्हणतं प्युअर फंक्शन म्हणजेच हे, कुणी म्हणतं एक्स्प्रेशन काढून तिथे त्याची व्हॅल्यू टाकली तरी प्रोग्राम तसाच चालला पाहिजे. मला नेमका अर्थ हवाय. आणि 'रेफरन्शियल' कशाला म्हणतात, रेफरन्स कुणाचा? सी प्लस प्लसच्या रेफरन्सशी काही संबंध आहे का?

घणसोली_डेव्ह:
सोपं आहे रे. सेम इनपुट दिला की सेम आउटपुट, आणि बाहेरच्या जगात काही बदल नाही, म्हणजे साईड इफेक्ट नाही. तुझ्या उशीर() ला तेच बिल आज दिलं तर १२ येणार आणि उद्या दिलं तर १३, संपला विषय. तारीख बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून पाठव, उशीर(बिल, आज), टेस्ट लिहायलाही सोपं जाईल. सी प्लस प्लसचा काही संबंध नाही.

पाम_बीच:
तारीख बाहेरून पाठवायच्या सल्ल्याला माझा दुजोरा. आधीच्या एका कंपनीत सर्व्हर यूटीसीवर होता आणि जॉब चालायचा रात्री साडेबाराला, आपल्याकडे नवी तारीख लागलेली पण सर्व्हर साडेपाच तास मागे, त्याच्या लेखी अजून आदलाच दिवस. महिनाअखेरीला रिपोर्ट चुकायचा, आणि दिवसा कुणी चालवून बघितलं की सगळं ठीक, कारण दिवसा दोन्हीकडे तारीख एकच. फंक्शन आतल्या आत घड्याळ बघत असेल तर असली चूक शोधताना जीव जातो.

पण घणसोली, तू सांगितलीस ती प्युअर फंक्शनची व्याख्या झाली. ती फंक्शनला लागू पडते. ट्रान्सपरन्सी मुळात आहे एक्स्प्रेशन ज्या जागी बसलंय त्या जागेबद्दल, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण लॉगच्या भांडणाचं उत्तर तिथेच सापडतं. तलावपाळी सर आहेत का इथे? त्यांनी लॉजिक शिकवलंय, उगम ते नीट सांगतील.

तलावपाळी:
आहे ना, सांगतो, जरा लांबेल.

हा शब्द मूळचा कॉम्प्युटरवाल्यांचा नाही, तर्कशास्त्रातला आहे. विलार्ड व्हॅन ऑर्मन क्वाइन, हार्वर्डचा तत्त्वज्ञ, त्याच्या १९६० च्या 'वर्ड अँड ऑब्जेक्ट' मध्ये रेफरन्शियल ट्रान्सपरन्सी येते. 'ट्रान्सपरंट' हा शब्द कुठून उचलला तेही त्याने तळटीपेत सांगून ठेवलंय: व्हाइटहेड आणि रसेल यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'च्या दुसऱ्या आवृत्तीचा पहिला खंड, म्हणजे १९२५. उलट बाजूचा शब्द 'ओपेक', तो क्वाइनच्या लिखाणात १९५३ लाच सापडतो. आणि रेफरन्स म्हणजे इथे एवढंच, की शब्द ज्या वस्तूकडे बोट दाखवतो ती वस्तू.

क्वाइन उदाहरण देतो रोमन वक्ता सिसेरोचं, त्यालाच टली असंही म्हणत. आपण आपलं घेऊ. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, माणूस एकच.

'कुसुमाग्रजांना ज्ञानपीठ मिळालं.' आता कुसुमाग्रज काढून शिरवाडकर घाला. वाक्य खरं होतं, खरंच राहिलं. वाक्याचा मतलब माणसाशी, त्याला कुठल्या नावाने हाक मारली त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नावातून आरपार माणूस दिसतो, म्हणून ती जागा पारदर्शक.

'कुसुमाग्रज या नावात पाच अक्षरं आहेत.' कु, सु, मा, ग्र, ज. शिरवाडकर घाला, सहा होतात, वाक्य खोटं पडलं.

'धाकट्या बहिणीचं नाव कुसुम, म्हणून त्यांना कुसुमाग्रज म्हणतात.' इथे शिरवाडकर घालून बघा काय होतं ते. माणूस तोच आहे तरी वाक्य कोसळतं.

'माझ्या नातवाला माहिती आहे की शिरवाडकरांनी नाटकं लिहिली.' नातवाला दोन्ही एकच हे माहीत नसेल तर इथे कुसुमाग्रज घालता येणार नाहीत, 'माहिती आहे की' च्या पुढची जागा अपारदर्शक झाली. तत्त्वज्ञांना सगळ्यात जास्त छळलं ते ह्या शेवटच्या प्रकाराने.

आता बघा, चारही वाक्यांत नावं तीच दोन. नावात काही दोष नाही, ते जिथे बसलंय तिथला गुणदोष आहे. पाम_बीच म्हणतात तो मुद्दा हाच. क्वाइनला 'कुसुमाग्रज हा शब्द ट्रान्सपरंट आहे का' असं विचारलं तर तो म्हणेल, कुठल्या वाक्यात, कुठल्या जागी, ते आधी सांगा.

वाशी_सतरा:
सर एकदम पटलं, कुसुमाग्रजांचं उदाहरण तर मी उद्या टीममध्ये सांगणारच. पण हार्वर्डच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून ही गोष्ट प्रोग्रामिंगमध्ये आणली कुणी? ट्रान्सहार्बरमध्ये उभ्याने टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तलावपाळी:
क्रिस्टोफर स्ट्रेचीने. ऑगस्ट १९६७ मध्ये कोपनहेगनला प्रोग्रामिंगची आंतरराष्ट्रीय उन्हाळी शाळा भरली होती, तिथे ऑक्सफर्डच्या ह्या माणसाने व्याख्यानं दिली, 'फंडामेंटल कन्सेप्ट्स इन प्रोग्रामिंग लँग्वेजेस'. त्या नोट्स कित्येक वर्षं नुसत्या हातोहात फिरल्या, रीतसर छापून आल्या त्या थेट २००० मध्ये, आणि स्ट्रेची तर १९७५ लाच गेला होता. तुम्ही रोज वापरता त्यातल्या किती गोष्टी त्या नोट्समध्ये आहेत बघा, एल-व्हॅल्यू आणि आर-व्हॅल्यू आहेत, पॅरामेट्रिक पॉलिमॉर्फिझम (एकच फंक्शन कुठल्याही टाईपला चालणं) आहे.

तिथे तो क्वाइनचं नाव घेऊन सांगतो, मी माझ्या शब्दांत मांडतो: मोठ्या एक्स्प्रेशनची किंमत काढायची असेल तर आतल्या तुकड्याबद्दल एकच गोष्ट कळली की पुरे, त्या तुकड्याची किंमत, म्हणजे व्हॅल्यू. तो आतून कसा रचलाय, त्याचे भाग किती, ते कुठल्या क्रमाने सोडवले, इतकंच काय कुठल्या रंगाच्या शाईने लिहिलाय, कशानेही फरक पडता कामा नये.

ह्यात 'फंक्शन' कुठे आलं नाही, 'साईड इफेक्ट'ही आला नाही. आणि तो फक्त फंक्शनल भाषांबद्दल बोलत होता असंही नाही, ज्या सीपीएल भाषेवर त्याने काम केलं तिच्यात असाइनमेंट (व्हेरिएबलमध्ये नवी किंमत ठेवणं) होतीच. आता हे घ्या:

क := क + १

क मध्ये ५ आहे. दोन्हीकडे क च्या जागी त्याची किंमत टाकली तर ५ := ५ + १, म्हणजे काहीच्या काही. मग डावीकडची जागा अपारदर्शक म्हणायची का? स्ट्रेची तिथे दोन प्रकारच्या किमती मानतो, त्याच आर-व्हॅल्यू आणि एल-व्हॅल्यू. उजवीकडच्या क ची किंमत म्हणजे आतला आकडा, डावीकडच्या क ची किंमत म्हणजे तो आकडा जिथे ठेवलाय ती मेमरीतली जागा. एवढं मानलं की दोन्हीकडे पुन्हा सगळं नीट बसतं, डावीकडे त्याच जागेचं दुसरं नाव टाका, प्रोग्राम तोच राहतो. म्हणजे 'ट्रान्सपरंट आहे का' विचारण्याआधी 'किंमत कशाला म्हणताय' ते ठरवावं लागतं.

पाम_बीच:
आणि माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख ह्या 'किंमत कशाला म्हणताय' मध्ये आहे. पुढचं मी लिहिते, कारण हॅस्केल ही फंक्शनल भाषा शिकताना मला हे असं कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

समजा टोकन() प्रत्येक कॉलला पुढचा नंबर देतं. शेवटचा दिलेला ४० आहे.

टोकन() + टोकन()
२ × टोकन()

पहिल्याचं उत्तर ४१ + ४२ = ८३, दुसऱ्याचं ८२. किंमत म्हणजे 'हाती आलेला नंबर' असं धरलं तर टोकन() च्या जागी ४१ टाकता येत नाही, गणित मोडलं. घणसोली म्हणेल, बघा, इम्प्युअर आहे म्हणून. बरोबर. पण आता किंमतच वेगळी धरू: टोकन() ची किंमत म्हणजे एक फंक्शन, त्याला काउंटरची आत्ताची अवस्था द्यायची, ते नंबर आणि नवी अवस्था अशी जोडी परत देतं. आता दोन्ही टोकन() ची किंमत अगदी एकच आहे, तेच फंक्शन. आणि + चा अर्थ झाला, आधी डावीकडचं चालव, त्याची नवी अवस्था उजवीकडे दे, मग दोन नंबरांची बेरीज कर. ह्या हिशोबात प्रत्येक तुकड्याच्या जागी समान किमतीचा दुसरा तुकडा बिनधास्त घालता येतो. डेना स्कॉट आणि स्ट्रेचीने १९७१ मध्ये मांडलेलं सिमँटिक्स (प्रोग्रामचा गणिती अर्थ) ह्याच रस्त्याने जातं, आणि हॅस्केलचं आयओ (इनपुट-आउटपुट) टाईपही मनात असंच धरायचं.

म्हणून 'इम्पेरेटिव्ह भाषेत ट्रान्सपरन्सी नसते' असं सरसकट म्हटलेलं मला पटत नाही. असते, पण त्यासाठी धरावी लागणारी किंमत (व्हॅल्यू) फार जड होते. दुसऱ्या हिशोबात + शाबूत राहिला, पण दोन्हीकडे वेगवेगळी कामं असतील तर अ + ब आणि ब + अ सारखे राहिले नाहीत, आणि २ × अ म्हणजे अ + अ हेही गेलं. शाळेत शिकलेली सगळी बीजगणिताची सवय वापरता येईना. फंक्शनल स्टाईलचा खरा फायदा मी असा सांगेन: किंमत साधी राहते, आकडा म्हणजे आकडा, यादी म्हणजे यादी, त्यामुळे कोड वाचताना कागदावर समीकरण सोडवतो तसं सोडवता येतं. मोठं फंक्शन फोडताना, तुकडा उचलून दुसरीकडे नेताना, दोनदा केलेलं काम एकदाच करून नावात धरून ठेवताना हे पावलोपावली उपयोगी पडतं.

घणसोली_डेव्ह:
ओके, पण मग माझी शंका अशी की किंमत हवी तशी ताणता येत असेल तर सगळंच ट्रान्सपरंट ठरेल, शब्दाला अर्थच उरणार नाही. एखादी तरी जागा दाखवा जी कोडमध्ये खरोखर अपारदर्शक आहे.

तलावपाळी:
रास्त शंका. सी मधला अ‍ॅसर्ट घ्या. अ‍ॅसर्ट(क > ०) म्हणजे प्रोग्रामने तपासायची अट; ती फसली की काय छापून येतं? आत लिहिलेला मजकूर जसाच्या तसा, 'क > ०', वर फाईलचं नाव आणि ओळीचा नंबर. तिथे क > ० च्या ऐवजी ० < क लिहा, किंमत तीच पण छापलेला मेसेज बदलला. कंसातली ती जागा किंमत तर बघतेच, वर अक्षरंही बघते, 'नावात पाच अक्षरं आहेत' ह्या वाक्यासारखीच. लिस्प भाषेतला कोट तसाच, तो कोड न चालवता जसाच्या तसा ठेवतो, कोटमध्ये १ + २ ठेवलं तर हाती येते ती तीन घटकांची यादी, तिथे ३ ठेवून चालत नाही.

दुसरं, ज्याला आज सगळे ट्रान्सपरन्सी म्हणतात त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीय, हे सोन्डरगार्ड आणि सेस्टोफ्ट यांनी १९९० च्या पेपरमध्ये फार स्वच्छ दाखवलं. एक ही स्ट्रेचीवाली. दुसरी, एका स्कोपमध्ये एक व्हेरिएबल सगळीकडे एकच किंमत धरतो की नाही. तिसरी, फंक्शनच्या कॉलच्या जागी त्याची बॉडी उलगडून ठेवता येते की नाही. तिघी बहुतेक वेळा बरोबर फिरतात म्हणून एकच वाटतात, ताटातूट बघायची तर हे बघा:

वजा(क) = क - क
वजा(कुठलाही(१, २))

कुठलाही() दोनपैकी एक आकडा मनाला येईल तो देतं. आधी आकडा निवडून मग आत पाठवला तर उत्तर नेहमी ०. बॉडी उलगडली तर कुठलाही(१, २) - कुठलाही(१, २), आता -१, ० किंवा १ काहीही येऊ शकतं. म्हणजे उलगडता येत नाही. तरी 'कुठलाही(१, २) ची किंमत म्हणजे शक्य उत्तरांचा संच' असं धरलं तर स्ट्रेचीची अट ही भाषा पाळते. रिव्ह्यूमध्ये भांडणारे दोघं बऱ्याचदा ह्या तिघींपैकी वेगवेगळीबद्दल बोलत असतात.

कोपरी_पूर्व:
हे वाचून बरंच सुटलं, तुम्ही सगळ्यांनी इतकं मन लावून लिहिलंत त्याबद्दल आभार. उशीर() मध्ये तारीख बाहेरून घेतली, आता सगळ्या टेस्टमध्ये तारीख मी ठरवतो. पण लॉगच्या ओळीचं काय? तिथे अजून दोन गट आहेत.

पाम_बीच:
लॉग हा प्रोग्रामच्या अर्थाचा भाग आहे का, हे त्या दोघांना आधी विचार. ऑडिटसाठीचा असेल, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला एक ओळ हवीच, तर कॉल दोनदाचा एकदा केला की एक ओळ गायब, अर्थ बदलला, सरळ इफेक्ट म्हणून टाईपमध्ये दिसू दे. फक्त डीबगिंगसाठी असेल, एक ओळ कमी-जास्त झाली तर कुणाचं काही बिघडत नसेल, तर किंमत ठरवताना ती सोडून द्या. हॅस्केलमध्येही ट्रेस नावाचं फंक्शन आहे, बाहेरून बघायला साधं, आतून छापतं, आणि लेझी इव्हॅल्युएशनमुळे (गरज पडेपर्यंत काही सोडवायचं नाही) ती ओळ कधी येईल, येईल की नाही ह्याचा भरवसा नसतो, डीबगिंगला तेवढं चालतं. वेळेचंही तसंच. मोठं_काम() दोनदा लिहिलं की दुप्पट वेळ लागतो, तरी कुणी त्याला ट्रान्सपरन्सी मोडली असं म्हणत नाही, कारण वेळ आपण किमतीत धरतच नाही. ती धरलेली किंमत कुठली ते पीआरमध्ये एका ओळीत लिहून टाका, वाद तिथेच मिटेल.

घणसोली_डेव्ह:
यात एक भर घालतो, कंपायलरवालेही हेच करतात, फक्त स्वतः अंदाज न बांधता आपल्याकडून लिहून घेतात. जीसीसी ह्या सी कंपायलरमध्ये फंक्शनला 'प्युअर' किंवा 'कॉन्स्ट' असा अ‍ॅट्रिब्यूट लावता येतो. कॉन्स्टवाल्याचं उत्तर फक्त दिलेल्या आर्ग्युमेंटवर, प्युअरवालं मेमरी वाचू शकतं पण कुठे बदल करत नाही, स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन दुसऱ्या प्रकारातलं. दोन कॉलच्या मध्ये मेमरी बदलली नसेल तर कंपायलर दुसरा कॉल उडवू शकतो. रिअ‍ॅक्ट ह्या वेबच्या लायब्ररीचा स्ट्रिक्ट मोडही डेव्हलपमेंटमध्ये कंपोनंट मुद्दाम दोनदा चालवतो ते असंच काही लपलेलं बाहेर पडावं म्हणून.

वाशी_सतरा:
एक विचित्र केस आहे, ती ह्यात कुठे बसते सांगा. जावास्क्रिप्टमध्ये ० === -० ट्रू येतं. पण १ / ० केलं की इन्फिनिटी आणि १ / -० केलं की मायनस इन्फिनिटी. म्हणजे समान किंमत टाकली आणि उत्तर बदललं. मग भागाकाराची जागा अपारदर्शक का?

तलावपाळी:
सुंदर केस आहे. भागाकार निर्दोष आहे, ० आणि -० ह्या दोन वेगळ्या किमती आहेत. आयईईई ७५४ प्रमाणात शून्याला चिन्ह असतं आणि तुलना करताना दोन्ही समान धरायचे असंही तिथेच ठरलंय. म्हणजे === जे सांगतं ती अदलाबदलीला लागणारी समानता नव्हे. जावास्क्रिप्टमध्येच ऑब्जेक्ट.इज आहे, त्याला विचारा, ० आणि -० वर तो फॉल्स देईल. नॅनचं ('हा आकडा नाही' असं दाखवणाऱ्या किमतीचं) बरोबर उलटं, नॅन === नॅन फॉल्स येतं आणि ऑब्जेक्ट.इज ट्रू देतो. जावामध्येही डबलवर == आणि इक्वल्स ह्याच दोन केसमध्ये वेगळी उत्तरं देतात.

वाशी_सतरा:
मग सर आम्ही मेमोइझ करताना, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर पुढच्या वेळेसाठी जपून ठेवताना, मॅप वापरतो, की म्हणून सरळ इनपुट टाकतो. मॅप ० आणि -० ला एकच की धरतो ना?

पाम_बीच:
हो, एकच धरतो. त्यामुळे १ / क असलेलं फंक्शन मेमोइझ केलंत आणि आधी ० आला तर इन्फिनिटी कॅशमध्ये बसेल, नंतर -० आला की तीच परत मिळेल. फंक्शन प्युअर असून कॅश लावल्यावर उत्तर चुकलं, कारण कॅशने समानता चुकीची वापरली. नॅनला मात्र मॅप नीट सांभाळतो, नॅन ही की परत सापडते. तुमच्याकडे उणे शून्य येण्याची शक्यता असेल तर की बनवण्याआधी ऑब्जेक्ट.इज(क, -०) तपासा आणि त्याच्यासाठी वेगळी की ठेवा. शक्यता नसेल तर आहे तसं राहू दे.